टिंबाने सुरू होणारी फाइल

एडिटर उघडताना आधी कंपनीकडे बघतो.
सगळ्यांना एकच, अशी जी फाइल आयटीतल्या जोबीने बसवली
ती निमूट वाचतो:
पडदा राखाडी, अक्षर बारा, ओळ ऐंशीवर तोड.
मग घराकडे वळतो.
मशीनमध्ये त्या जागेला घरच म्हणतात, मी नाही ठेवलं नाव.
तिथे एक फाइल, टिंबाने सुरू होणारी,
साध्या यादीत न दिसणारी.
दोघींचं पटलं नाही तर मागाहून वाचलेली खरी.
म्हणजे घरची.
हिद्दच्या पाणी-कारखान्यात इतर कुठेच हा नियम नाही.

हे मशीन मला मिळालं नजीर सरगुरोह गेले तेव्हा.
अकरा वर्षं, दोन खोकी, सुतळी.
त्यांची फाइल राहिली मागे, चारशे बारा ओळी,
आणि मी ती तशीच वापरली,
दुसऱ्याच्या चपला घालून अंगणात जावं तशी.

या आठवड्यात एडिटर उघडेना.
म्हणजे उघडायचा, पण चार मिनिटांनी,
कुणाची तरी वाट बघून.

त्याला सांगितलं, आज घरी जाऊ नकोस.
लगेच उघडला. कोरा, लॉजच्या खोलीसारखा.

मग रात्रपाळीत अर्धी फाइल झाकली, अर्धी चालवली.
दोनशे सहा. एकशे तीन. एक्कावन्न.
पंप चार मधूनच खाकरत होता.
तीनला एक ओळ हाती लागली:
उघडताना दर वेळी
हर्णैला, पुतण्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला विचार,
भरती किती वाजता.
वर त्यांचा शेरा: अडीच तास वजा करू नये. तिकडचीच वेळ दाखव.

इथे आम्ही समुद्राचं मीठ काढतो, भरती कोण बघतो?

तिकडचा कॉम्प्युटर आता बंद असणार.
विचारणाराच जेटीवर उभा आहे म्हटल्यावर
दुकानात उत्तर द्यायला कोण बसेल?

पुसली नाही ओळ.
सुरुवातीला एक अवतरणचिन्ह दिलं. एडिटरला तेवढं पुरतं,
ओळ दिसते, पाळावी लागत नाही.
खाली लिहिलं:
बंद केली. मालक घरी पोचले. — वृंदा खोत.

जतन केलं,
आणि पंप चारकडे गेले.