सुतळीचं दुकान

भांडीबाजाराच्या तोंडाशी माझं दुकान:
सुतळी, काथ्या, दावी, पाळण्याच्या दोऱ्या
आणि विहिरीचे सोल, जे आता कुणी नेत नाही.

सभा भरली हातिमभाईंच्या पोटमाळ्यावर,
रंगाच्या डब्यांवर बसलो एकोणीस दुकानदार.
यशोधन तांबट खिडकीशी,
त्याचा चुलतभाऊ मुरलीधर जिन्याशी,
म्हणजे कुणाला आधी उठावंसं वाटेल, सांगता येत नव्हतं.

बाजार मोबाईलवर मांडायचा, तर त्याला नाव हवं.
नावात तीन मंगळवार गेले.
कुणी म्हणालं रामकुंड.
देवाच्या पाण्यावर कमिशन कसं घ्यायचं, दुसरा म्हणाला.
शेवटी ‘कारंजा’ ठरलं.
रविवार कारंजावर कुणाची मालकी नाही
आणि वळायचं सगळ्यांना तिथूनच असतं.

मग चिवडेवाल्या इंदुमती भावसारांची सून
फोटो काढत दारोदार फिरली.
घागर उन्हात नको, म्हणाली, चकाकते.
यशोधन म्हणाला, चकाकावी म्हणूनच घासली.
रकाना होता: वस्तूचे वर्णन.
त्यानं सांगितलं, घागर.
काका, अजून थोडं.
चांगली घागर.
पण ठोके किती बसतात, हे तिनं विचारलं मात्र,
तो दिवेलागणीपर्यंत बोलत राहिला
आणि तेवढी जागा त्या रकान्यात नव्हती.

घासाघिशीचं बटण हातिमभाई
अजून शोधताहेत.
गिऱ्हाईक पाठ फिरवून चार पावलं गेलं
की मी हाक मारतो, ते म्हणतात,
इथं ते निघालंय, हे मला कळणार कसं?

सुतळीचाही फोटो काढला. एक गुंडी, चाळीस रुपये.
तिला आजवर एकही मागणी नाही.

यशोधन आणि मुरलीधर
बावीस वर्षं बोलत नाहीत.
एका दुकानाची दोन केली, मधे भिंत घातली,
आपापली बाजू रंगवली, एक पिवळी, एक निळी.
पुराची रेघ मात्र
दोन्हीकडे एकाच उंचीवर.

कारंजावर भिंत कुठून येणार?
सिन्नरच्या कुणा बाईंनी
तपेलं घेतलं यशोधनचं
आणि झाकण, दहा रुपयांनी स्वस्त दिसलं म्हणून, मुरलीधरचं.
एका घराचा माल एकाच खोक्यात,
हा नियम आमचाच.

खोकी माझ्या दुकानात बांधतात.
तपेलं यशोधन स्वतः ठेवून गेला,
झाकण मुरलीधरनं पोराच्या हाती धाडलं.
मी सहज एकावर एक ठेवलं.
बसलं.
हलवलं, हललं नाही.
कडी धरून उचलायला गेलो
तर तपेलंही बोटभर वर आलं.

आजोबांचं माप.
वाटण्या झाल्या तेव्हा
ते कुणाच्या यादीत नव्हतं.

मी मधे पडणार नव्हतो.
पण खोटं कशाला, हाक मारली. यशोधन आला.
झाकणावर नखानं टिचकी मारली, कान लावला.
डावीकडं एक ठोका कमी पडलाय, म्हणाला,
त्याला सांग.
आणि गेला.

मी सांगितलं.
मुरलीधरनं ऐकलं, न ऐकल्यासारखं.

आठवड्यानं बाईंच्या पाच चांदण्या आल्या:
झाकण घट्ट बसतं.
चांदण्या तपेल्याच्या की झाकणाच्या,
यात चौथा मंगळवार गेला.
त्यानंतर आलेलं झाकण मीही वाजवून पाहिलं.
मला काय कळतंय त्यातलं!
पण आवाज बरा होता.

बाकी माझं काम तेच.
प्रत्येक खोक्याला दोन वेढे उभे, दोन आडवे,
आणि गाठ अशी, की कापावी लागू नये.
सिन्नरला, सटाण्याला, पार नंदुरबारकडं
कुणीतरी ती सोडवत असेल,
बोटांवर गुंडाळून
खिळ्याला अडकवून ठेवत असेल,
फुकटात आलेली सुतळी.