होता त्याहून थंड

नाशकात पूर फुटांत कुणी विचारत नाही.
विचारतात, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?
गुडघा म्हणजे भांडीबाजारानं माल वर चढवायचा,
छाती म्हणजे चढवायला उशीर झाला.
दगडाच्या अंगावरून पाणी वाचायची ही विद्या
पुढे समुद्र वाचताना कामाला आली.

गंगापूर रोडच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
पूर्वी कॅन्टीनची सरबतं ठेवायचे त्या फ्रिजमध्ये
गोदावरीच्या मुखापासून दूर, खोल तळातून
उपसलेला गाळ आहे.
सेंटिमीटर-सेंटिमीटरनं कापलेला, पिशव्यांवर नंबर.
काळसर, चिकट. त्यात आमच्याच बेसाल्टची माती,
ब्रह्मगिरीवरून निघून
जवळचा समुद्र पाठीशी टाकून
लांबच्या समुद्राला गेलेली,
आणि आता कुरियरनं परत नाशकात.

चाळणीवर धुतली की माती बेसिनमधून जाते
(पुन्हा गोदेतच, दुसरं कुठे जाणार),
वर उरतात कवचं, मिठाच्या कणाएवढी.
मुबीना ती वेचते. जोगवाड्यातली पोरगी,
तीन शून्य नंबरचा ब्रश, टोक ओठांत ओलं केलेलं.
एका नमुन्याला तीस. एकाच जातीची, एकाच मापाची.
"मॅडम, हा म्हातारा आहे," म्हणते,
एखादं झिजलेलं बाजूला सारत.

कवचात कॅल्शियम, आणि कॅल्शियमच्या रांगेत
मधूनच घुसलेलं मॅग्नेशियम.
पाणी जितकं ऊबदार, तितकी घुसखोरी जास्त.
एवढ्यावरून
वीस हजार वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या
कपाळाला हात लावायचा
आणि म्हणायचं, आजच्याहून तीनेक अंशांनी गार.
एखादा अंश इकडे-तिकडे.

भाऊ भद्रकालीत कंपाउंडर होते. बोरस्ते कंपाउंडर.
दिवसभर परक्यांच्या काखेतला ताप वाचायचे,
घरी आले की बोलायचे नाहीत.
माझ्या कपाळावर त्यांचा हात
मला आठवत नाही.
गेले तेव्हा रामकुंडात सोडल्या अस्थी.
गुरुजी म्हणाले, इथे बघता बघता विरघळतात.
मी कॅल्शियम फॉस्फेटचा विचार करत
ओल्या पायरीवर उभी होते.

आता एक गोष्ट, जी तक्त्याखाली
बारीक अक्षरात लिहितात.
खोल तळाशी कवच विरघळू लागतं
तेव्हा सगळं सारखं विरघळत नाही.
मॅग्नेशियम जिथे जास्त, तो भाग नाजूक.
तो पहिला सुटतो.
म्हणजे ऊब आधी जाते.
उरलेलं कवच खोटं बोलत नाही,
पण समुद्र होता त्याहून थंड सांगतं.
जेवढी झीज, तेवढी दुरुस्ती
आपण मिळवायची असते.
दरवर्षी शिकवते मी हे. फळ्यावर सूत्र असतं.

परवा कपाट आवरताना त्यांची डायरी निघाली,
औषध कंपनीनं फुकट दिलेली.
दुधाचा हिशेब, रॉकेल, सायकलचं पंक्चर,
आणि मध्येच एका पानावर, निळ्या शाईत:
रात्री १ – १०३. २ – १०३.
३ – १०२.४. ४॥ – १०१.
नाव नाही.
तारीख माझ्या गोवराची.

आईला विचारावं म्हटलं, पण ती आता
कालचंही नीट सांगत नाही.

मुबीना दोनशे बाराव्या नमुन्याशी अडली होती.
तिसावा मिळेना. तो म्हातारा घेऊ का, म्हणाली.
घे, म्हटलं. वेगळ्या खणात ठेव.
किती झिजलाय ते समोर लिही.
आणि ब्रश तोंडात घालू नकोस.

तिनं मान हलवली,
आणि घातला.