पुढचं गणित

बारा मुलं असतील तर वर्ग, असा नियम आहे.
माझ्याकडे तीन.
प्लम्ट्रीसाहेबांनी तक्ता माझ्याकडे सरकवला,
जेवणात केस निघाल्यावर ताट सरकवावं तसा, हळूच,
आणि म्हणाले, पुढचं गणित यंदा नाही जमणार.

इथे विषयाचं नावच आहे ते, पुढचं गणित.
साधं सगळ्यांना, पुढचं ज्यांना पुढे जायचंय त्यांना.
ते केंब्रिजकडे मिळतं.
बोस्टनला कोबी मिळतो.
(हे बोस्टन म्हणजे ते नव्हे. ते धाकटं.
हे थोरलं, लिंकनशायरमधलं,
धाकट्याच्या नावाने ओळखलं जाणारं.)

मी म्हटलं, वर्ग नको, खोली द्या.
गुरुवारी चार वाजता. प्रयोगशाळेमागची चालेल,
फुटके ब्यूरेट ठेवता ती.
पैशांचं त्यांनी विचारलं नाही, मी काढलं नाही.

ऑस्तेयाची आई पहाटे चारच्या व्हॅनने जाते,
फ्लॉवरचे गड्डे प्लास्टिकमध्ये गुंडाळते, मिनिटाला बावीस.
बावीस हे ऑस्तेयाने मोजलं, सुट्टीत, आईशेजारी उभं राहून.
जार्विसचे वडील चरांमधला गाळ उपसतात;
समुद्राकडून हिसकावलेली जमीन ही, सपाट,
इतकी की क्ष-अक्ष कुठे संपतो दिसत नाही.
आणि मॉड. ती बोलत नाही.
माझं चुकलं की मार्कर हातातून काढून घेते.

पहिल्याच गुरुवारी फळ्यावर उणे एकचं वर्गमूळ.
जार्विस म्हणाला, असं काही नसतं, तुम्हीच सांगितलंत.
खरंय. गेल्या वर्षापर्यंत नव्हतं.
आता लागतंय, म्हणून आहे.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, म्हणजे आपल्या वर्गासारखं.
यादीत नाही, खोलीत आहे.

इचलकरंजीला आम्ही नव्वद होतो,
बाकावर पाच, खिडकीपलीकडे माग,
खटखट खटखट, सरांचा आवाज त्यात बुडालेला.
इंटिग्रेशन मी त्यांच्या ओठांवरून शिकले.
तेव्हा मनात यायचं, जरा कमी मुलं असती तर.
वास्तू तथास्तु म्हणते म्हणतात.
म्हणाली, पण फार उशिरा, आणि भलत्याच देशात.

नोव्हेंबरात जार्विस यायचा थांबला.
टोमॅटोच्या काचघरात गुरुवारची पाळी, दर बरा.
मी त्याला अडवलं नाही. काय सांगून अडवणार,
गणिताला ताशी दर नाही.
त्याच्या खणात प्रश्नांचा कागद टाकत राहिले.
सोमवारी कागद परत यायचा,
सोडवलेला, कडेला मातीचा अंगठा.
तीनातून एक गेला, बाकी दोन, असं हजेरीपट म्हणतो.
हजेरीपटाला हातचा कळत नाही.

काल धुकं होतं.
रँगलची शेवटची बस पाच चाळीसला,
आम्ही तिघी थांब्यावर, काचेवर वाफ धरलेली.
ऑस्तेया बोटाने लिहायला लागली
तासाला अर्धी राहिलेली सिद्धता:
एकसाठी खरं आहे.
कसाठी खरं धरलं, तर क अधिक एकसाठी...
दुसऱ्या बसची वाट बघत एक आजोबा होते,
हातात मासळीची पिशवी.
याचा उपयोग काय गं, पोरी?
उत्तर मॉडने दिलं, मॉडने:
माहीत नाही. अजून पुरं झालेलं नाही.

बस आली, त्या चढल्या.
मी काचेपाशी, क अधिक एकपाशी;
अक्षरं खाली ओघळू लागलेली.
आजोबा जवळ आले, चष्मा बाहीला पुसला,
पहिल्या ओळीखाली बोट धरलं,
न टेकवता, पुसेल म्हणून,
आणि म्हणाले,
एवढं कळलं.
पुढचं?