पडद्याच्या मागून

पूर्णा जंक्शनच्या लोको कॉलनीत
महिन्यातून एका रविवारी मद्रासी सिनेमा यायचा.
सिकंदराबादहून पार्सलनं आलेले पत्र्याचे डबे,
त्यांच्यावर खडूनं लिहिलेलं
फक्त पोन्नुसामी फायरमनला वाचता यायचं.

इन्स्टिट्यूटच्या अंगणात चादर ताणलेली.
पुढं सतरंजीवर रेल्वेची माणसं.
आम्ही गावातली लेकरं चादरीच्या मागं,
कोळशाच्या ढिगावर.

मागून सगळं उलटं.
राजा डावखुरा.
राणीचा पदर मारवाडणीसारखा उजव्या खांद्यावर,
पण चमकी मात्र डाव्या नाकात,
आमच्या आयांसारखी.
त्यामुळं ती रडली की आम्ही गप्प बसायचो.
अक्षरंही उलटी यायची,
पण आम्हाला ती सुलटी तरी कुठं कळणार होती!

रीळ बदलेपर्यंत पोन्नुसामी बिडी ओढत सांगायचा:
पहिल्या बोलपटातली ही माणसं
नाटक कंपनीत वाढलेली पोरं.
आठव्या वर्षी घर सोडलेली,
छडी खाऊन सूर शिकलेली.
मागच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जावं म्हणून
माईक आला तरी ओरडतच राहिली.
एकेका सिनेमात म्हणे चाळीस-चाळीस गाणी.
तो नावं घ्यायचा तेव्हा
कानाच्या पाळीला हात लावायचा.
आम्हाला एकही नाव धड म्हणता आलं नाही.

आमची स्टार वेगळीच होती.

नदीचा सीन जवळ आला की
त्याची बायको तंगम
सतरंजीवरून उठून, लुगड्याला कोळसा लागला तरी,
आमच्याकडं यायची.
"आता बघा रे. तिसरी. घागरवाली. मी."
लग्नाआधी, एक दिवस, दोन रुपये रोजावर
ती त्या नदीवर चालली होती.
तिनं बोट उचलेपर्यंत
ती पडद्यातून निघूनही गेलेली असायची.
पण आम्ही शिट्ट्या मारायचो.
पुढं राजा मेला काय, जगला काय.

मोठी लाईन आली, शेड बंद पडलं.
पोन्नुसामीची बदली कुठं झाली
ते आम्ही विचारलंही नाही.

परवा मोबाईलवर तो सिनेमा सापडला.
राजा उजव्या हातानं लढत होता.
राणीची चमकी पलीकडच्या नाकात,
परक्या बाईसारखी.
नदी आली.
मी डावीकडून तिसरी मोजली,
ती कुणी भलतीच.
थांबवलं, मागं नेलं, पुन्हा मोजलं.

मग उठलो
आणि मोबाईल कपाटाच्या आरशापुढं धरला.
घागर या कडेवरून त्या कडेवर गेली.
एक. दोन.

"कामून ओ," बायको म्हणाली,
"आरशाला सिनेमा दाखवायलात का?"

आणि मी बोट उचलेपर्यंत