कोणत्या महिन्यातलं जंगल

हेलसिंकीहून आलेला तरुण अधिकारी
माझ्या टेबलावर कापडाचे तुकडे मांडतो.
अकरा. पांढरे, हिरवे, एक शेवाळी, एक ओल्या राखेचा.
म्हणतो, बाई, तुम्ही त्या हिवाळ्यात शिवलंत,
आपल्या जंगलाला यातला कोणता लागू पडेल?

मी त्याला कॉफी ओतते.
विचारते, कोणत्या महिन्यातल्या जंगलाला?

त्या डिसेंबरात सैन्याकडं पांढरं कापड पुरेना.
गावानं चादरी दिल्या.
पाद्रीणबाईंनी मेजावरचं लिनन दिलं,
तॉइनीनं लग्नासाठी जपलेल्या सहा,
घडीसुद्धा न मोडलेल्या.
कोपऱ्यातली लाल दोऱ्याची अक्षरं
आम्ही रात्रभर बसून उसवली.
लाल ठिपका लांबून दिसतो, सार्जंट म्हणाला.
मग हळूच म्हणाला, माफ करा.

शिवलेले झगे अंगणात टांगले
तर सगळे पिवळट!
घरात पांढरीशुभ्र वाटणारी चादर
बर्फापुढं जुन्या दातासारखी.
सायमी पळत जाऊन नीळ घेऊन आली.
दुपारी तीनला इथला बर्फ निळाच असतो,
हे धुणं धुणाऱ्यांना ठाऊक,
नकाशे काढणाऱ्यांना नाही.

पुढचं चुकतमाकत शिकलो.
उघड्या तळ्यावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा.
स्प्रूसच्या दाटीत फांद्या लदलेल्या असतील तरीही तोच;
पण वाऱ्यानं झाडं झटकली असली
तर वर काळपट कोट, खाली पांढरी विजार.
माणूस कमरेत कापायचा,
अर्धा झाडाला द्यायचा, अर्धा जमिनीला.
बर्चसाठी चुलीतल्या कोळशाचे आडवे फराटे.
ईलिस हसायचा, मावशी,
आता माझ्यावर पाखरं बसतील.

त्याचा झगा मीच शिवला.
निळीत दोनदा बुडवला.
बाहीच्या आत, शिवणीपाशी,
तॉइनीचं एक अक्षर मी उसवलं नाही.
तिला सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही.

जानेवारीत तुकडी परतली, तो नाही.
चार दिवस शोधला, कुत्रा लावून शोधला.
तुमचं काम फार चांगलं होतं, सार्जंट म्हणाला,
आणि टोपी हातात घेऊन
बराच वेळ दारात उभा राहिला.

मे महिन्यात, गुरं घेऊन गेलेल्या एका पोरीला
तळ्याच्या पलीकडूनच दिसला.
हिरव्या शेवाळावर, काळ्या पाण्याकडेला
एवढं पांढरं दुसरं काहीच नव्हतं.
तिला वाटलं, कुणाचं तरी धुणं उडून आलंय.

अक्षर तॉइनीनं ओळखलं.
माझ्याकडं तिनं पाहिलं नाही, अजूनही
दुकानात भेटली तर हवेबद्दल बोलते.

अधिकाऱ्याची कॉफी निवून गेलीय.
मी सगळ्यात फिका तुकडा उचलते, खिडकीशी धरते.
याला नीळ कमी पडलीय, सांगते,
आणि अस्तर हिरवं लावा.
बर्फ वितळला की उलटून घालता येईल.

तो वहीत लिहून घेतो. मग थांबतो.
उलटायला कुणीतरी लागेल ना, बाई?

हो, मी म्हणते. ते आहेच.