विझलेली मेणबत्ती

अलाझानीच्या खोऱ्यात, द्राक्षं उतरायच्या आधी
आम्ही रांजण उघडतो.
जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले, माणूस उभा मावेल असे.
तोंड एवढं अरुंद
की खांदे तिरके करूनच आत जावं लागतं.

आधी दोरीला बांधून मेणबत्ती सोडायची.
तळाशी जळत राहिली तर हवा चांगली.
विझली, तर खाली मरण बसलंय,
ना वास, ना रंग,
गेल्या सालच्या द्राक्षारसाचा उरलेला श्वास.

त्या वर्षी पाळी नुगझारची.
माझा धाकटा भाऊ. ओढ्याकाठचा मळा त्याच्या नावावर.
बावीस वर्षं त्या मळ्याची छाटणी मी केली होती.
बाप गेला त्या आठवड्यात कागद निघाला
आणि मी काही बोललो नाही.
न बोललेलं माझ्यात आंबत राहिलं.

तो पाठमोरा होता. बूट काढत होता,
चेरीच्या सालींचा घासणा कमरेला खोचत होता,
काहीतरी गुणगुणत.
मी मेणबत्ती सोडली.
दोन हात. तीन हात.
विझली.

"ठीक आहे ना?" त्यानं विचारलं.

इथं मला जरा थांबू दे.
लोक म्हणतात, विचार काय, वारा,
आला नि गेला.
माझा आला आणि बसला.
टोपी गुडघ्यावर ठेवून, घरचाच असल्यासारखा,
हलक्या आवाजात म्हणाला:
तुला काहीच करायचं नाही. नुसतं 'हो' म्हण.
'हो'सुद्धा नको, मान हलव.
मळा दिसला मला, सकाळच्या उन्हात, माझा.
नुगझारची बायको रडताना दिसली,
आणि मी तिच्याकडे तंदुरातला गरम पाव घेऊन जाताना;
काय भला दिसत होतो मी!

आई बटाटे सोलतानाही पुटपुटायची,
प्रभू, दया कर. प्रभू, दया कर.
सालं पडायची, शब्द पडायचे.
तेच माझ्या तोंडून निघालं.
श्रद्धा होती म्हणत नाही. सवय होती.
पण जीभ एकदा हलली
आणि पुढचे शब्द तिच्याच मागून बाहेर आले:
"थांब. विझलीय."

तो हसला. बूट पुन्हा चढवले.
चीज कापलं, मोठा तुकडा मला दिला.
तो मला गिळवेना.

आमच्याकडे बापाला आणि पाद्र्याला एकच शब्द.
एका बापाला मी कधी काही विचारलं नाही,
दुसऱ्याला सगळं सांगितलं.
इलारिओन म्हातारा, कानानं अधू,
"वाचला ना तो?" एवढंच दोनदा विचारलं.
मग माझ्या डोक्यावर वस्त्र टाकलं
आणि त्या अंधारात, ऊदबत्तीच्या आणि लसणाच्या वासात, म्हणाला,
"यापुढे तू उतर. दोरी त्याच्या हातात दे."

नऊ वर्षं झाली.
मी उतरतो. वर आभाळाचं ताटलीएवढं वर्तुळ,
त्यात नुगझारचं डोकं.
माझा जीव त्याच्या मुठीत,
आणि त्याला माहीतही नाही
की एकदा त्याचा माझ्या मुठीत होता.
सांगायचंय. अजून सांगितलेलं नाही.

तोही उतरतो माझ्याबरोबर, तो पाहुणा.
टोपी तीच. म्हणतो, मळा यंदा काय लगडलाय.
पूर्वी मी भांडायचो त्याच्याशी;
भांडलं की तो रंगात येतो.
आता भिंतीकडे तोंड करतो आणि घासतो.
प्रभू येशू, घास. मज पाप्यावर, घास. दया कर.
इथं आत आवाज घुमतो,
माझंच म्हणणं मला दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं,
माझ्या आधी इथं उतरून बसलेल्या कुणाचं.

मातीत बोटभर खोल मुरतो रस.
वरवर पुसून चालत नाही.
रीत अशी, की धुतलेलं शेवटचं पाणी
धुणाऱ्यानं स्वतः प्यायचं.

ओंजळ भरतो. चव घेतो.

"ठीक आहे ना?" वरून तो विचारतो.

"अजून एक बादली सोड," मी म्हणतो.