रात्री दोनचं बिस्किट

माझा डंक उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत.
फेब्रुवारीपासून मेपर्यंत बायका पोत्यानं मिरची आणतात,
ब्याडगी, संकेश्वरी, भाजलेलं खोबरं, तीळ, लसणाच्या पाट्या,
आणि मी मुसळांच्या दणक्यात
कुणाचं काही ऐकू न येता
मान हलवते.

घरी मात्र ऐकू यायचं.
"कांडपवालीचा नवरा, पोट जळणारच," वच्छी आत्या म्हणायची,
"तुझ्या हातची आग उतरलीया त्याच्यात."
मी हात धुवायचे. राखेनं, साबणानं, परत राखेनं.
मग भाकरी थापायचे.

नऊ वर्षं.

दिवसा आनंदा लेथवर उभा असायचा, ठीक असायचा.
रात्री दोनला उठायचा
आणि बेंबीच्या वर दोन बोटं दाबून बसायचा,
जणू तिथं कुणी तापली सळई टेकवून धरलीय.
खाल्लं की थांबायचं. म्हणून उशाशी बिस्किटांचा डबा.
पहाटे गंगावेशीत म्हशीपुढं ग्लास धरून
फेसाळ कोमट दूध. तेवढ्यापुरता माणूस हसायचा.

पाठीच्या गोळीचा विचार कुणी केला नाही.
दिवसभर वाकून जॉब लावायचा, पाठ धरायची,
कोपऱ्यावरच्या मेडिकलातून पाकीट,
उपाशीपोटी, चहाबरोबर.
ती तिखट नव्हती ना.

मग एका सोमवारी संडासला डांबरासारखं झालं.
तो बोलला नाही.
बुधवारी मशीनवरच अंधारी आली.
चक फिरत राहिला, कुणीतरी स्विच पाडला, हात वाचला.
थोरल्या दवाखान्यात नेला.

रक्ताच्या दोन बाटल्या. मग दुर्बीण.
मगदूम डॉक्टरीणबाई माझ्या पुतणीच्या वयाच्या.
पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या,
"जठर संपतं आणि आतडं सुरू होतं ना, त्या उंबऱ्यावर."
पांढऱ्या तळाचा खड्डा, कडा लाल.
मला विहिरीएवढा दिसला.
"केवढा असंल?"
"करंगळीच्या नखाएवढा."

मी हात पदराखाली घेतले, मग विचारलं,
"मिरचीनं झालं?"

त्यांनी जठरातनं तिळाएवढा तुकडा काढला होता,
पिवळ्या थेंबात ठेवला होता.
बघता बघता तो गुलाबी झाला.
"जंतू आहे. आम्लात जळू नये म्हणून
स्वतःभोवती चुना कालवल्यासारखं करतो."
हे मला लगेच कळलं.
हळदीत चुना पडला की कुंकू होतं,
हे कांडपवालीला कोण शिकवणार?

"आणि त्या पाठीच्या गोळ्या. दोघांनी मिळून केलंय.
मिरचीनं झोंबतं, पण हा खड्डा मिरचीचा नाही."

"कधी शिरला तो?"
"बहुतेक लहानपणीच. पाण्यातून, कुणाच्या उष्ट्यातून.
कित्येकांच्या पोटात असतो, जन्मभर काही करत नाही."

त्याच्या लहानपणात मी नव्हते.

चौदा दिवस मूठभर गोळ्या, सकाळ-संध्याकाळ,
एकही चुकवायची नाही, बरं वाटलं तरी.
दुखण्याची गोळी बंद, तंबाखू बंद, पाठीला शेक.
"लेथ चाटल्यागत लागतंय तोंड," तो म्हणाला,
आणि हसला, दुधाशिवाय.

दोन महिन्यांनी परत तपासलं. जंतू नाही.
वच्छी आत्याला सांगितलं.
ती म्हणाली, "डॉक्टर काय, काहीबी सांगत्यात."

त्या रविवारी ताटाच्या कडेला चटणी वाढली,
करंगळीच्या नखाएवढी.
त्यानं भाकरीचा तुकडा लावला, चावला, गिळला.
मी बघत राहिले.
त्याला काही झालं नाही.
नाकाडोळ्यातनं पाणी माझ्याच आलं,
जे डंकावर कधी येत नाही.

अजून रात्री दोनला जाग येते. मला.
तो घोरत असतो.
डबा उशाशीच आहे, उचलायचा राहिलाय.
एक बिस्किट काढते, सादळलेलं,
अंधारात खाते.
भूक नसते.